छपराखालचं उत्तर

आमच्या हिगुरेसावा गावात छपरावरचं बर्फ विचारल्याशिवाय खाली टाकत नाहीत. वरचा माणूस ओरडतो, "टाकू का?" खालचा माणूस म्हणतो, "टाक!" किंवा म्हणतो, "थांब!" थांब म्हटलं की वरच्याने हातातलं फावडं तसंच धरून उभं राहायचं, बोटं गोठली तरी. एरवी आम्ही बायका नवऱ्याला अहोजाहो करतो, भटजींना वाकून नमस्कार करतो. पण छपराखालून बोलताना मानपान नाही. भटजी वर असले तरी त्यांना "टाक"च. तेवढा वेळच नसतो. माणसाच्या डोक्यावर ढीग पडला तर एप्रिलपर्यंत सापडत नाही.

मी या गावची न्हावीण, मासुए. एकेकाळी रांग लागायची माझ्या दुकानात, आता भादरायला डोकीच उरली नाहीत. दुकानाची मागची खिडकी त्सुनेनोताईच्या स्वयंपाकघराच्या दाराकडे उघडते, मध्ये फक्त तिचं तळं. तिने मासा भाजला की माझे टॉवेल वासाने भरतात. ती लग्न होऊन आली तेव्हापासून मी तिला ओळखते, आणि खरं सांगायचं तर तिच्यासारखी हट्टी बाई मी दुसरी पाहिली नाही. आरशात सोडून.

तिचा नवरा कानेझो छपराचं बर्फ उतरवण्यात गावात पहिला. लोक पत्र्याची, प्लास्टिकची फावडी वापरायला लागले तरी हा आपला बीच झाडाच्या लाकडाचं जुनं फावडं घेऊन चढायचा. बर्फाचे चौकोनी ठोकळे कापायचा, तोफूवाला कापतो तसे, आणि एकेक खाली सोडायचा. "टाकू का?" ताई दारातून, "टाक!" पुन्हा "टाकू का?" पुन्हा "टाक!" हिवाळ्यात सकाळभर त्या दोघांचं हेच चालायचं. बाकी दिवसभर एकमेकांशी बोलायचे की नाही, देव जाणे.

काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीत तो वरच गेला. मी त्या दिवशी दातवाल्याकडे खाली शहरात होते. ताई घरात मुळ्याच्या पिंपावर दगड चढवत होती आणि रेडिओवर सुमोची कुस्ती मोठ्याने लागली होती. त्याने हाक मारली असणार. उत्तर आलं नाही, म्हणून तो थांबला. लोकांनी शिडी लावून पाहिलं तर आढ्यावर बसलेला, फावडं मांडीवर आडवं, खांद्यावर बर्फ साचलेलं, तोंड स्वयंपाकघराच्या दाराकडे. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, उत्तर आलं असतं तरी तेच झालं असतं. सगळ्या गावाने तिला हे समजावलं. मी तर ओरडून समजावलं.

"त्याने विचारलं होतं गं," एवढंच ती म्हणायची. "विचारलं आणि मी बोलले नाही."

त्यानंतर चार हिवाळे ती स्वतः छपरावर चढली. सत्तरी उलटलेली बाई, कमरेला दोर बांधून! खाली कुणी नसायचं, म्हणून स्वतःच वरून "टाकू का?" विचारायची आणि स्वतःच "टाक" म्हणायची. मी खिडकीतून शिव्या घालायचे. मग चौथ्या हिवाळ्याच्या शेवटी, मार्चमध्ये, ती घसरली, मनगट मोडलं, आणि तिचा मुलगा मिचियासू साइतामाहून धावत आला. चाळिशीतला, सरळ, चांगला पोरगा आहे तो. पण तिकडच्या सपाट शहरात राहून त्याला बर्फ म्हणजे टीव्हीवरचं वाटायला लागलंय.

"आई, एक तर नवं छप्पर, नाही तर माझ्याकडे चल," तो म्हणाला. "तू पुन्हा वर चढलीस तर मी तुला उचलून नेईन."

"छप्पर घाल," ताई म्हणाली. "मी इथून हलायची नाही."

छपराचं काम हाराशिमाकडे दिलं. दरीतल्या सगळ्या घरांवर त्याचाच पत्रा. तोंडात कायम सुकवलेल्या स्क्विडचा तुकडा, आणि बोलणं असं की जसं काही पैज लावतोय. ताईच्या घराच्या दारावर जुनी पाटी होती, सरकारी नियमाने लावलेली: या घराचं छप्पर एक मीटर बर्फाच्या हिशेबाने बांधलं आहे, त्यावर साचू देऊ नये. आमच्याकडे तीन-तीन मीटर पडतं. पण गावात उतरवायची रीत आहे असं म्हटलं की कायदा हलक्या वाशांना परवानगी देतो. म्हणजे कायद्यानेसुद्धा कानेझोवर भरवसा ठेवला होता म्हणा ना.

हाराशिमाने पाटीवर टिचकी मारली. "हे आता चालणार नाही, ताई. उतरवणाराच नाही तर उतरवायची रीत कसली? एक तर वासे, खांब सगळे जाड करा, तीन मीटर पेलतील असे. म्हणजे घर उलगडून पुन्हा बांधायचं. नाही तर घसरतं छप्पर. उतार जास्त, गुळगुळीत रंगाचा पत्रा, बर्फ आपोआप खाली."

"आपोआप?" ताईने असं विचारलं जणू त्याने घाण शब्द वापरला.

"आपोआप. मात्र ज्या बाजूला घसरणार तिथे जागा मोकळी हवी. तळ्याची बाजू आहे, छान. आणि त्या बाजूला दार चालणार नाही. हे स्वयंपाकघराचं दार बंद करावं लागेल. नियम आहे."

"दार बंद करणार नाही."

"मग परवाना मिळणार नाही."

"माझी मुळ्याची पिंपं त्या बाजूला आहेत."

"पिंपं पुढच्या पडवीत हलवू. मी उचलतो, चला."

"आणि उत्तर कुठून देऊ?"

हाराशिमाने माझ्याकडे पाहिलं. मी तळ्याकडे पाहिलं. उत्तर द्यायची जागा तीच होती, त्या दाराचा उंबरा. तिथेच उभं राहून तिने उभा जन्म 'टाक' म्हटलं होतं. पण ज्याला उत्तर द्यायचं तो आता देव्हाऱ्यात फोटोत बसला होता, हे तिला कोण सांगणार?

शेवटी शरद ऋतूत छप्पर झालं. निळं, चकचकीत, उभं. माशी बसली तरी घसरेल असं. तपासायला कचेरीतला एक तरुण साहेब आला, तेव्हा दाराला आतून बाहेरून फळ्या ठोकलेल्या होत्या. त्याने पट्टी लावून अंतरं मोजली, फोटो काढले, ताईने दिलेलं लोणचं खाल्लं, सही केली आणि गेला. त्याची गाडी वळणावर पोचते न पोचते तोच मला खटाखट आवाज आला. बाईसाहेब हातोडीच्या मागच्या चिमट्याने खिळे उपसत होत्या.

"ताई, काय करतेस हे!" मी खिडकीतून ओरडले. "मिचियासूला कळलं तर उद्या तुला घेऊन जाईल!"

"कळेल कसं?" ती म्हणाली. "तू सांगणार आहेस का?"

मी नाही सांगितलं. शेजारधर्म म्हणून नाही. ती गेली असती तर मी त्या वाडीत एकटी उरले असते म्हणून.

डिसेंबरात पहिलं मोठं बर्फ पडलं. ओलं, जड. सकाळी मी केस विंचरत होते आणि ताईच्या छपरातून आवाज आला. लाकूड करकरतं तसा. पण दोन तुकड्यांत, आणि दुसरा तुकडा वर चढणारा. प्रश्न विचारावा तसा. माझ्या हातातला कंगवा तसाच राहिला. खाली दार उघडलं. ताई उंबऱ्यावर आली, कमरेवर हात ठेवून वर बघितलं आणि म्हणाली, "थांब रे." निवांत तळ्याकडच्या पिंपांशी गेली; ती तिने हलवू दिलीच नव्हती. मुळा काढला. परत आली. उंबऱ्यात उभी राहिली.

"टाक!"

आणि अख्ख्या छपरावरचं बर्फ खाली आलं. माझ्या कपाटातल्या बाटल्या वाजल्या.

मी गमबूट अडकवून धावले. ताई चूल... म्हणजे गॅस पेटवून मिसोचं सूप ढवळत होती.

"वेड लागलंय का तुला? मेली असतीस!"

"तो थांबतो," ती म्हणाली. गाल लाल झाले होते तिचे, नव्या सुनेसारखे. "थांब म्हटलं की थांबतो. पहिल्यापासून तसाच आहे."

"ताई, तो पत्रा आहे!"

"सूप घेणार का?"

त्यानंतर महिनाभर मी हे पाहिलं, पुन्हा पुन्हा. आवाज यायचा, ती उत्तर द्यायची, आणि उत्तरासारखंच व्हायचं. एकदा तर ती पिंपापाशी पाय घसरून बसली, उठायला वेळ लागला, आणि तोवर कडेचं बर्फ पागोळीच्या पुढे ओठासारखं बाहेर येऊन तसंच लोंबकळत राहिलं. ती उठली, कपडे झटकले, दारात आली, टाक म्हणाली. तेव्हा पडलं.

हाराशिमाला मी पकडलं आणि विचारलं. "घर आतून गरम असतं, पत्र्याखाली पाणी सुटतं, मग बर्फ घसरतं," तो म्हणाला. "सुटायच्या आधी वासे कुरकुरतात. त्यात काय?"

"आणि थांबतं ते?"

"योगायोग."

"बरं. हे बघ." मी त्याला तळ्याकाठी नेलं. पडलेल्या ढिगात ठोकळे होते. सरळ कडांचे, चौकोनी, तोफू कापल्यासारखे.

तो बराच वेळ बघत राहिला. "पत्र्याच्या जोडांवर तुटत असेल," तो म्हणाला. मग स्क्विड चघळायचं थांबवलं. "पण जोड उभे आहेत. आडवा एकही नाही." आणि चहा न घेता गेला. हाराशिमाने चहा सोडलेला मी पहिल्यांदा पाहिला.

मी काही घाबरट बाई नाही. मेलेल्यांची डोकीसुद्धा मी भादरली आहेत. जानेवारीत एका दुपारी ताई पोस्टात गेली होती आणि तो आवाज आला. म्हटलं, बघूच! खिडकी उघडली आणि जोरात ओरडले, "टाक!" काही नाही. पुन्हा ओरडले. काही नाही. झाडाचं पानसुद्धा हललं नाही, नुसतं ते निळं छप्पर आणि त्यावरचं बर्फ, आणि मला वाटलं की कुणीतरी वळून माझ्याकडे पाहतंय. मी खिडकी लावून घेतली, पडदा ओढला, आणि त्या दिवशी परत दुकान उघडलं नाही.

तासाभराने ताई आली. तिने उंबऱ्यावरून उत्तर दिलं, धाडकन पडलं. मग तळ्याला वळसा घालून माझ्याकडे आली आणि दारातच म्हणाली, "त्याच्याशी कोण बोललं?"

मी म्हटलं, "मला काय माहीत?"

"नको बोलत जाऊस," ती म्हणाली. रागाने नाही. "गोंधळतो तो."

माझ्या अंगावर असा काटा आला की रात्री अंघोळीच्या गरम पाण्यातसुद्धा गेला नाही.

फेब्रुवारीत, बापाच्या वर्षश्राद्धाला, मिचियासू न कळवता आला. मागून येऊन आईला चकित करावं म्हणून तळ्याच्या बाजूने आला, आणि पाहतो तर बंद केलेलं दार सताड उघडं. मग जे झालं ते मला खिडकीतून सगळं ऐकू आलं. तसं मी कान लावलेलाच होता.

"मला फसवलंस तू! त्या साहेबाला फसवलंस! इथे उभी राहतेस? या छपराखाली?"

"ओरडू नकोस, वर ऐकू जातं."

"वर कुणी नाही, आई!"

"आहे."

"आई..." पोराचा आवाज फुटला. "पुरे झालं आता. उद्या सकाळी तू माझ्याबरोबर येतेयस. सामान मी भरतो."

ताई म्हणाली, "मी आले तर त्याला उत्तर कोण देणार? एकदा ताटकळत ठेवलं मी त्याला, मिची. विचारत बसला होता बिचारा, आणि मी कुस्ती ऐकत होते. पुन्हा नाही ठेवणार."

पोरगा रडायला लागला. मी खिडकीपासून दूर झाले. काही गोष्टी शेजाऱ्यानेही ऐकू नयेत.

रात्रभर बर्फ पडलं आणि सकाळी लख्ख ऊन निघालं. असलं ऊन छपरांना वाईट. मी त्यांना वाटेत खायला भाताचे गोळे करून ताईच्या पुढच्या दारी गेले. मिचियासू गाडीत पेट्या ठेवत होता. डोळे सुजलेले.

"आई कुठे आहे, काकू?"

"आत असेल."

आत नव्हती. देव्हाऱ्यापुढे उदबत्ती जळत होती, आणि स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. मी दारापर्यंत गेले आणि उंबऱ्याच्या आतच थांबले. ताई बाहेर छपराखाली उभी होती. उंबऱ्यावर नव्हे, बरोब्बर पागोळीखाली, जिथे पडतं तिथे. नवा कोट घातलेला, हातात पिशवी, तोंड वर. तिच्या डोक्यावर हातभर जाड बर्फाचा ओठ बाहेर आला होता आणि त्यातून पाणी ठिबकत होतं, तिच्या कपाळावर.

आवाज आला. करकर, आणि मग वर चढणारी ती दुसरी करकर.

"मला न्यायला निघालेत रे," ताई म्हणाली. "नंतर कुणी उत्तर देणार नाही. तेव्हा आताच विचार, काय ते." आणि ती हसली. तिला मरायचं होतं की नाही, मला आजही सांगता येत नाही. तिला तिथून हलायचं नव्हतं, एवढं मला दिसलं, आणि मी 'थांब' ओरडून काही होणार नव्हतं. कारण मी काहीही म्हटलं असतं तरी तो माझं ऐकणार नव्हता.

ताईने तोंड उघडलं. "टा..."

मला ढकलून मिचियासू बाहेर झेपावला. वरचा ओठ हलला, दोघांच्या डोक्यावर भुरभुर पडली, आणि तो वर बघून लहान पोरासारखा किंचाळला, "थांब! बाबा, थांब!"

थांबलं.

देवाशपथ सांगते, थांबलं. अर्धं बर्फ पत्र्याबाहेर हवेत येऊन लटकलं होतं. ते तिथे राहूच शकत नाही. हाराशिमाला विचारा, कुणालाही विचारा. ठिबकणारं पाणीसुद्धा बंद झालं. मिचियासूने आईला काखेत धरून ओढलं, ओढलं, तळ्यापलीकडे नेऊन बसवलं. मग तो वळला आणि त्या लटकलेल्या बर्फाकडे बघत राहिला.

"सांग त्याला," ताई म्हणाली.

"काय?"

"थांब तू म्हणालास, आता मोकळा पण तूच कर. वरच्याला असं टांगून ठेवू नये."

"आई, मला नाही जमणार."

"हात दुखतात रे त्याचे."

मिचियासूच्या ओठांतून नुसती वाफ निघाली. मग तो बारीक आवाजात म्हणाला, "टाक." काही झालं नाही. त्याने डोळे पुसले, छाती भरून घेतली आणि सगळ्या दरीला ऐकू जाईल असं ओरडला, "टाक, बाबा!"

जमीन हादरली. बर्फाचा धुरळा खाली बसला तेव्हा उंबरा दिसत नव्हता, दार दिसत नव्हतं, ताई उभी होती ती जागा दिसत नव्हती. मी स्वयंपाकघरात अडकले होते, ओट्याला धरून, भाताचे गोळे पायाखाली चिरडून.

मी पुढच्या बाजूने वळसा घालून त्यांच्याजवळ पोचले. ताई मुलाच्या पाठीवरचं बर्फ झटकत होती. "ऐकलं की तुझं," ती त्याला म्हणत होती. "बघ, ऐकलं." मग उठली, कोट नीट केला, आणि आपल्या पायांनी जाऊन गाडीत बसली. कुणाला ओढावं लागलं नाही. काच खाली करून मला म्हणाली, "वसंतात ते दार ठोकून घे गं. नियम आहे म्हणे." मला रडू आलं आणि मी तिला दोन शिव्या दिल्या.

आता ती साइतामात असते, नवव्या मजल्यावर. तिथलं छप्पर कुणाचंच नाही, म्हणते. इकडे मोठं बर्फ पडलं की हवामानाच्या बातम्या बघून मिचियासूचा फोन येतो. आधी तब्येत विचारतो, दुकान विचारतो, लाजतो. मग म्हणतो, "काकू, जरा खिडकी उघडता का?" मी फोन बाहेर धरते आणि मान आत घेते. एवढ्याशा डबीतून त्याचा आवाज तो काय येणार. तळं ओलांडेपर्यंत विरून जातो. पण तो बोलतो, आणि समोर धाडकन पडतं.

मग ताई फोनवर येते. "पडलं का गं?"

"पडलं."

"वाट बघत होता?"

"बघत होता," मी म्हणते.

खोटं बोलायची माझी तयारी असते. म्हातारीला बरं वाटावं म्हणून एक खोटं बोलायला माझं काय जातं? पण ते बोलायची वेळ अजून एकदाही आलेली नाही.